वेळेआधी दिलेली साक्ष

पाठीवर उताणं पडून राहायची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हातात धरून वाचता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. मी पडून होते तेव्हा वर्तमानपत्रसुद्धा पाच मिनिटांच्या वर पेलवत नसे. आमच्या नाहूरच्या घराच्या छतावर ओल आल्याचा एक मोठा डाग आहे. त्या डागात मी महाराष्ट्राचे सगळे जिल्हे शोधून काढले होते, फक्त गडचिरोली तेवढा सापडेना.

मला मणक्याचा टीबी झाला होता. आता चालते आहे, पट्टा बांधून का होईना. गोळ्या अजून सहा महिने आहेत. डॉक्टर सांगतील ते डॉक्टरांकडूनच ऐका, ते मी लिहिणार नाही. मी लिहिणार आहे ते मी केलेल्या एका मूर्खपणाबद्दल आणि माझ्या आईबद्दल.

वेळापत्रकवाल्या बाई

भांडुपच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी केलं. एकोणीस तुकड्या, सत्तावीस शिक्षक, एकच प्रयोगशाळा, आणि प्रत्येकाला सोमवारचा पहिला तास नको असायचा. मोठ्या ड्रॉइंगपेपरवर पेन्सिलीनं आखून मी ते असं बसवायची की एकाही तासाला दोन बाई एका वर्गात आल्या नाहीत. मुलं मला पाठीमागे काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. मला त्याचा राग नव्हता, उलट जरा अभिमानच होता.

घरही मी तसंच चालवलं. नवरा अशोक मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. मुलगा योहान बंगळुरूला असतो. दोघांनी माझ्या आखणीपुढे केव्हाच हात टेकले होते. माझ्या आखणीत सगळ्यात मोठी गोष्ट होती आई. ती नगर जिल्ह्यात गावी एकटी राहायची, वय एक्याऐंशी. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होणार होते. त्यानंतरची दोन वर्षं आईकडे जाऊन राहायचं, तिची सेवा करायची, अशोकनी सुट्टीला यायचं, हे ठरलं होतं. गावच्या घराला कमोड कुठे बसवायचा त्याचाही नकाशा मी काढून ठेवला होता.

आईला फोनवर सांगितलं की ती म्हणायची, "ये बाई. प्रभूची इच्छा असेल तर."

हे तिचं पालुपद. आमच्या ख्रिस्ती घरांतून जुनी माणसं असं म्हणतात, पत्रातही लिहितात. पण आईनं त्याची हद्द केली होती. शुक्रवारी मेथी करते, प्रभूची इच्छा असेल तर. दळण टाकून येते, प्रभूची इच्छा असेल तर. मी चिडायचे. "आई, अगं दळणात प्रभू कशाला इच्छा घालेल?" ती म्हणायची, "गिरणीत लाइट नसली म्हणजे?"

मी स्वतः ते वाक्य म्हणणं कधीच सोडून दिलं होतं. देवावर विश्वास होता, रविवार कधी चुकवला नाही. पण मनातून माझी समजूत अशी होती की नीट आखणी करून कागद त्याच्यापुढे ठेवला की तो सही करतो.

तीन मिनिटांची साक्ष

पाठ दुखायला लागली गेल्या वर्षी उन्हाळ्यात. मी दोष खुर्चीला दिला. मग गादीला दिला. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून घेत राहिले. संध्याकाळी बारीक कणकण असायची, वजनही उतरत होतं, आणि मी ब्लाउज सैल झाले म्हणून खूश होते.

आमच्या चर्चमध्ये बायकांची दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. जुलैमधल्या एका शुक्रवारी सगळ्या जणींनी माझ्याभोवती उभं राहून, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मनापासून केली, कुणी कुणी रडल्यासुद्धा. मी उठले तेव्हा पाठ अजिबात दुखत नव्हती. शनिवारीही दुखली नाही. त्या दोन दिवसांत मी नेहमीच्या गोळ्या घेतच होते, शिवाय मेडिकलवाल्यानं दिलेली एक नवी, जास्त जोराची गोळीही सुरू केली होती. तिकडे मी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर द्यायचं नव्हतं. शाळा सुरू झाली होती, वर्ष शेवटचं होतं, आणि पाठीचं हे प्रकरण मला एकदाचं मिटवून टाकायचं होतं.

आमच्याकडे उपासनेत सूचना झाल्या की पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. लोक सहसा आयत्या वेळी उठतात. मी शनिवारीच पाळकसाहेबांना मेसेज टाकला, माझ्यासाठी तीन मिनिटं ठेवा. रविवारी मोरपंखी साडी नेसून गेले आणि प्रभूनं मला पूर्ण बरं केलं असं खणखणीत आवाजात सांगितलं. मंडळी 'आमेन' म्हणाली. बाहेर बायकांनी मिठ्या मारल्या. घरी येऊन आईला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्या घेत होतीस ना गं तू?"

"घेत होते. तो भाग वेगळा."

"सांगितलंस का ते मंडळीत?"

"आई, साक्षीत कुणी औषधांची यादी वाचतं का?"

"मग घाई कुणाला होती, विजू? त्याला का तुला?"

मी फोन ठेवून दिला. आईला माझं कौतुक कधी करवत नाही, असं अशोकना म्हणाले.

बुधवार

बुधवारी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते. घंटा झाली, उठायला गेले आणि पाय उठलेच नाहीत. मी टेबलाला धरून पुन्हा जोर केला. पाय जागेवर होते, दिसत होते, पण माझं ऐकत नव्हते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मुंग्या आल्या असतील, बसा जरा." मी बसलेच होते.

त्याच संध्याकाळी घाटकोपरच्या एका रुग्णालयात मला त्या मोठ्या मशीनच्या बोगद्यात घातलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या वयाच्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि सांगितलं.

मी म्हटलं, "पण मला खोकला नाही."

"मणक्याला झालाय बाई. खोकला असायलाच पाहिजे असं नाही."

"किती दिवस लागतील?"

"गोळ्या दीड वर्ष. निदान तीन महिने पूर्ण झोपून, कदाचित जास्त. नसांवर दाब आहे. पाय किती परत येतील ते हळूहळू कळेल."

"मे महिन्यापर्यंत चालेन ना? मला आईकडे जायचंय. दोन वर्षांचं ठरलंय."

त्यांनी माझ्या पायाचा अंगठा धरला आणि म्हणाल्या, "आत्ता मे राहू दे. हा वर करून दाखवा."

मी सगळी ताकद लावली. अंगठा हलला नाही. अशोक माझ्या पायांशी उभे होते. त्यांनी एकदम विचारलं, "डॉक्टर, त्या फॉर्मवर शिक्का कुठे मिळेल?" आणि बाहेर निघून गेले. शिक्का कुठे मिळतो ते त्यांना माहीत होतं. जिन्यात उभं राहून रडून आले, हे त्यांनी मला नंतर नाताळात सांगितलं.

अकरा दिवस

वॉर्डात सकाळी सहाला दिवा लागायचा. आधी टेम्परेचर, मग चहा, मग अंग पुसायला मावशी. कूस बदलायची तर दोघी जणी दोन बाजूंनी यायच्या आणि एक-दोन-तीन म्हणून मला लाकडाच्या ओंडक्यासारखं वळवायच्या. मान, पाठ, कंबर एका रेषेत. मावशींचं नाव हिराबाई. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही काय पण करू नका. तुम्ही जोर लावला की आमचं काम वाढतं." मला वाटलं, जन्मभरात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भीतीपेक्षा लाज मोठी होती. शनिवारी पाळकसाहेब आणि चर्चमधल्या चार बायका आल्या. मी डोळे मिटून घेतले. त्यातली एक कुजबुजली, "रविवारी तर बरी झाली म्हणाली ना?" ते शब्द आजही कानात आहेत. देवाच्या घरात उभं राहून मी खोटं बोलले आणि तीन दिवसांत त्यानं माझे पाय काढून घेतले, असा हिशेब मी डोळे मिटल्या मिटल्या मांडला.

बायका गेल्यावर पाळकसाहेब मागे थांबले. म्हणाले, "तुम्ही जाग्या आहात, मला माहीत आहे. शिक्षा वगैरे मनात आणू नका. चूक माझीही आहे. डॉक्टरांकडे जाऊन आलात का, एवढं मी गेल्या शनिवारी तुमचा मेसेज आला तेव्हाच विचारायला हवं होतं." मग प्रार्थना न करता माझं पाणी भरून ठेवलं आणि गेले. त्या दिवशी मला दुसरं काही झेपलं नसतं.

तुम्ही आजारी असाल आणि तुमच्यासाठी कुणी प्रार्थना करत असेल तर जरूर करू द्या. आणि तपासणीही करून घ्या. दोन्ही एकाच दिवशी करता येतं.

मी मात्र सुधारले नव्हते. अशोकना आलेखाचा कागद आणायला लावला आणि पडल्या पडल्या दुखण्याचं वेळापत्रक आखलं. दुसरा आठवडा अंगठा, सहावा गुडघा, बारावा बसणं, अठरावा उभं राहणं, मे महिना आई. घरी गेल्यावर तो कागद पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवून घेतला.

मी तुझा शिपाई नाही

घरातले पहिले तीन आठवडे वाईट गेले. अशोक रजा घेऊन सगळं करत होते. भांडं देणं, नेणं, धुणं, अंग पुसणं, स्वयंपाक. आणि मी पडल्या पडल्या सूचना देत होते. डाळ आधी लावा. चादर अशी नाही. दहाची गोळी दहा दहाला कशी दिलीत? एक दिवस त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "विजया, मी तुझा शिपाई नाही." तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. त्यामुळेच मला जास्त लागलं.

बिल्डिंगमध्ये 'टीबी' हा शब्द पसरला होता. हा टीबी कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरी लोक दारातूनच विचारपूस करत. समोरच्या राणे वहिनी तेवढ्या आत आल्या. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी पेजेचं भांडं ठेवलं, माझ्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माका काय्येक होऊचा नाय. तू गप निजान रव." आणि रोज येऊ लागल्या.

अशोकची रजा संपत आली. बाई मिळेना. आणि एका गुरुवारी दुपारी दाराची बेल वाजली. गावच्या एका ओळखीच्या बाईच्या सोबतीनं, एसटीचा सहा-सात तासांचा प्रवास करून आई आली होती. हातात काठी, खांद्याला पिशवी. पिशवीत दोन लुगडी, पाच किलो हुलगे आणि तिच्या बोर्डिंगची पितळी घंटा.

मला रडू फुटलं ते आनंदानं नाही, रागानं. "आई, मी येणार होते तुझ्याकडे. मी करणार होते तुझं."

"येणार होतीस ना?" आई काठी भिंतीला टेकवत म्हणाली. "मग आता मी आले. सरक म्हणणार होते, पण तुला सरकता येत नाही."

घंटा

आई मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रन होती. वडील मी तीन वर्षांची असताना गेले आणि मी त्या बोर्डिंगमध्येच वाढले. साठ मुली. पहाटे उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, जेवणाची घंटा, सगळ्या आईच्या हातच्या. ती निवृत्त झाली तेव्हा तिला ती घंटा भेट दिली होती. आईनं ती माझ्या उशाशी ठेवली. "हाका मारू नकोस. वाजव, मी येते."

आणि ती यायची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत यायला तिला दीड-दोन मिनिटं लागायची. काठीचा टकटक आवाज आधी यायचा. मी घंटा कमी वाजवायला लागले.

दुपारी हुलग्याचं माडगं, पेजेसारखं पातळ आणि गरम. त्या वासानं मी थेट बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाऊन पडायची: मोठं पातेलं, धुरानं काळी झालेली भिंत, जर्मनच्या ताटल्यांची रांग आणि रांगेत नववी की दहावी मी. मेट्रनची मुलगी म्हणून मला कधी पहिला नंबर मिळाला नाही. शेवटचाही नाही. तिथे मी तिला आई म्हणायची नाही, सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायची. त्या आठवणी मी इतकी वर्षं उघडल्याच नव्हत्या. आता वेळच वेळ होता. चिंचेचं झाड, कपडे वाळत घालायची तार, शनिवारी शेणानं सारवलेल्या पडवीवर उठलेली आईची बोटं, सगळं एकेक करून परत आलं.

माडगं झालं की आई माझे केस विंचरायची. पलंगाच्या कडेला केस सोडायची, खाली फडकं अंथरायची आणि बारीक दातांच्या फणीनं हळूहळू. पहिले काही दिवस मी नुसती पडून राहिले. एक दिवस तोंडातून निघून गेलं.

"लहानपणी तू माझे केस एकदाही विंचरले नाहीस."

फणी थांबली.

"मोठ्या मुली लहान मुलींचे विंचरायच्या," मी म्हटलं. "माझे सुमनताई विंचरायची. ओढायची. मी तुझ्याकडे बघायची आणि तू दुसरीकडे बघायचीस."

आई म्हणाली, "साठ पोरींच्या आया लांब होत्या विजू. काहींच्या तर नव्हत्याच. त्यांच्यादेखत तुला कसं मांडीवर घेणार होते मी? वाटायचं, पोरी मोठ्या होऊन जातील, काम सुटेल, मग घेईन. मग तूच मोठी झालीस."

ती पुन्हा विंचरायला लागली. म्हणाली, "आता घेतेय ना."

मी सत्तावन्न वर्षांची होते. तोंड दुसरीकडे वळवायचीही सोय नव्हती, त्यामुळे तिच्यासमोरच रडले. ते पाणी दोन्ही कानांत गेलं आणि आईनं पदरानं पुसलं. त्या दुपारी मी सुखी होते. पाय हलत नव्हते, पुढचं काही माहीत नव्हतं, आणि मी सुखी होते. त्याचं मला आजही नवल वाटतं.

भिंतीवरचा कागद

संध्याकाळी आई प्रार्थना करायची. एक गीत, थोडं वाचन, मग प्रार्थना. राणे वहिनी घरी देवापुढे दिवा लावून यायच्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर हात जोडून बसायच्या. पहिल्यांदा आईच्या तोंडून ते पालुपद ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमीव तसाच म्हणतो गो. देवाच्या मनात आसात तर." दोघींची जी गट्टी जमली ती जमलीच. नाताळच्या करंज्या दोघींनी मिळून केल्या आणि त्या राणे वहिनींच्या पद्धतीच्या झाल्या, नारळ जास्त.

आई प्रार्थनेत म्हणायची, आजचा दिवस दिलास, आभार. विजूनं दोन घास जास्त खाल्ले, आभार. मी एकदा चिडून विचारलं, "तू मला बरं कर असं का मागत नाहीस?"

"ते सकाळी मागते. रोज. तू झोपलेली असतेस."

"मग मिळालं नाही तर?"

"तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मागते. पण संध्याकाळी जे मिळालंय ते नाही मिळालं असं कसं म्हणू?"

प्रभूची प्रार्थना मी कळायला लागल्यापासून म्हणते आहे. त्यात 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' अशी एक ओळ आहे. ती मी कायम भरभर म्हणून पुढे जायची, वर्गात हजेरी घेताना नेहमीच्या मुलाचं नाव घ्यावं तशी. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी ती म्हणताना मी अर्ध्यात थांबले आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे तो बाराव्या आठवड्याचा शुक्रवार होता, मी बसलेली असायला हवी होते, आणि माझा डावा गुडघा जेमतेम चार बोटं उचलत होता.

प्रार्थना संपल्यावर म्हटलं, "आई, तो कागद काढून टाक."

आईनं उठून चिकटपट्टी सोडवली, घडी घातली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या औषधांच्या डब्यात बाटल्यांखाली तो कागद अंथरलेला होता. चांगला जाड कागद होता, म्हणाली.

कागद काढल्यामुळे मी बरी झाले असं समजू नका. भीती तशीच होती. फक्त रोज नापास होणं थांबलं.

पॅसेजमध्ये दोघी

डिसेंबरात पट्टा बांधून मला बसवलं. घर गरगर फिरलं आणि मग स्थिर झालं. खिडकीतून मुलुंडकडचे डोंगर दिसले. चार महिने मी ते विसरून गेले होते. जानेवारीत वॉकर आला. आमचा पॅसेज बारा फुटांचा. त्यात मी वॉकर घेऊन आणि शेजारी आई काठी घेऊन, अशा आमच्या येरझाऱ्या चालत. अशोक कामावरून आले की दारात उभे राहून विचारत, "आज कोण जिंकलं?" घरात पुन्हा हसू यायला लागलं होतं. एकदा त्यांनी डाळ नंतर लावली आणि मी बोलले नाही, तर त्यांनी येऊन माझं कपाळ चाचपून पाहिलं.

चर्चमधून विचारणा झाली, विजयाबाई आता साक्ष देतील का? आई म्हणाली, "थांब जरा." मी कानाला खडा लावलाच होता.

मे महिना जवळ येत होता. निवृत्तीनंतर मी आणि आई दोघींनी मिळून गावी जायचं, असं बोलणं झालं. मीच पुढाकार घेऊन म्हटलं, "प्रभूची इच्छा असेल तर." आईनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चढलं का तुला पण?"

एक मंगळवार

मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला मी घंटा वाजवली. चहाची वेळ झाली होती, नुसतं बोलावायचं म्हणून वाजवली. काठीचा आवाज आला नाही. पुन्हा वाजवली. मग उठून स्वयंपाकघरात गेले.

आई खुर्चीत बसली होती. मांडीवर हुलग्यांचं ताट, निवडून झालेले एका बाजूला. मान थोडी कललेली. मी तिच्या गालाला हात लावला आणि मला कळलं. ताट पडू नये म्हणून मी ते आधी उचलून ओट्यावर ठेवलं. का, ते सांगता येत नाही. मग तिच्या पायाशी उभी राहून ओरडले, तेव्हा राणे वहिनी आल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मला पोटाशी धरलं, आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "विजया, तुझो वॉकर खय आसा?"

वॉकर पलंगापाशी होता. मी तशीच चालत आले होते.

आईला अशोक आणि योहान गावी घेऊन गेले, तिथेच माती दिली. मला एवढा प्रवास करायची परवानगी नव्हती. तिच्या दफनाला मी नव्हते. गाडी बिल्डिंगच्या गेटातून वळेपर्यंत वॉकर धरून उभी होते. हे दुःख कमी झालेलं नाही आणि ते कमी व्हावं असंही मला वाटत नाही.

मे महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले. जी दोन वर्षं मी आईला देणार होते, ती सुरू झाली. मी घरात बसून होते आणि आई नव्हती. माझ्या मनाप्रमाणे सगळं झालं असतं, पाठ दुखली नसती, शेवटचं वर्ष शाळेत नीट गेलं असतं, तर मार्चमधल्या त्या मंगळवारी आई गावी एकटीच असती आणि मी वर्गात. हा विचार मला पुन्हा पुन्हा येतो. देवानं मला टीबी दिला असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. तो सात महिन्यांसाठी आईला घेऊन आला एवढं मला माहीत आहे, कारण मी तिथे होते.

रविवार

जूनच्या शेवटच्या रविवारी मी ठरवलं. पाळकसाहेबांना मेसेज टाकला नाही.

पट्ट्यामुळे मला अजून हात डोक्यामागे नेता येत नाहीत. आई गेल्यापासून माझे केस अशोक विंचरतात. त्यांना वेणी जमत नाही, भांग तर कधीच सरळ पडत नाही. त्या दिवशीही तो कपाळावरून निघून डाव्या कानाकडे गेला होता. आरशात पाहिलं. पूर्वीची मी असते तर तीनदा सोडायला लावला असता. ते कंगवा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मी बाकाला धरून उठले.

"गेल्या वर्षी याच जागी उभी राहून मी बरी झाले असं सांगितलं होतं," मी म्हटलं. "ते खरं नव्हतं. मी गोळ्या घेत होते आणि मला घाई होती. त्याबद्दल मंडळीची माफी मागते. नंतर मी खरोखर आजारी पडले. माझी आई आली. तिनं सात महिने माझे केस विंचरले. आता ती नाही. मी एवढंच सांगायला उठले होते."

'आमेन' आलं, पण उशिरा आणि विस्कळीत. मी बसले. अशोकनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कमलाबाई पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "विजया, भांग वाकडा पडलाय गं तुझा."

"असू दे," मी म्हटलं.